हत्तीचा कार्पेट एरिया

वर्तमानपत्रात जगभरच्या चमत्कारिक बातम्यांची एक छोटी चौकट असते. संपादक ती जागा भरायला टाकतात आणि वाचक अग्रलेख ओलांडून आधी तिच्याकडे जातात. निवडणूक, महागाई आणि पाणीकपात यांच्या गर्दीतून वाट काढत डोळे बरोबर तिथेच पोचतात. सप्टेंबर २०२५मध्ये अशाच चौकटीत शोभेल अशी एक बातमी आली. बुटांना घाण वास येत असला की शू-रॅक वापरण्याचा आनंद कसा नासतो, याचा अभ्यास केल्याबद्दल विकाश कुमार आणि सार्थक मित्तल या दोन भारतीयांना ‘इग नोबेल’ पारितोषिक मिळालं.

ही बातमी घरोघर मोठ्यानं वाचून दाखवली गेली असेल आणि घरोघर आतून एकच आवाज आला असेल : “यात संशोधन कसलं? हे तर सगळ्यांना माहीतच आहे!”

या ‘माहीतच आहे’कडे पुढे वळू. आधी बूट.

कुमार दिल्लीजवळच्या शिव नाडर विद्यापीठात डिझाइन शिकवतात आणि मित्तल त्यांचे विद्यार्थी होते. वसतिगृहात खोल्यांच्या बाहेर बुटांच्या रांगा लागलेल्या त्यांनी पाहिल्या. पालकांनी पाहिल्या असत्या तर म्हणाले असते, पोरं आळशी आहेत. रेक्टरांनी पाहिल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी दंडाची नोटीस लागली असती. या दोघांनी विचारलं, बूट बाहेर का? आत जागा नाही म्हणून? तर तसंही नव्हतं. जागा होती, पण वासासकट बुटांना आत घेण्याची कुणाची तयारी नव्हती. मग त्यांनी १४९ विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बुटांच्या वासानं आपण ओशाळलो आहोत, असं निम्म्याहून अधिकांनी कबूल केलं. वासामागच्या जिवाणूचं नाव आहे कायटोकॉकस सेडेन्टेरियस. नाव ऐकून रोमन सरदार वाटतो, पण राहतो घामट बुटात. त्याला मारायला त्यांनी रॅकमध्ये अतिनील किरणांचा दिवा लावून पाहिला. दोन-तीन मिनिटांत काम होतं. दिवा जास्त वेळ ठेवला तर रबर भाजून निघतं आणि घाण वासाच्या जागी जळका वास येतो. प्रयोगशाळेत याला तंत्राची मर्यादा म्हणतात. घरात “तरी मी सांगत होते” असं म्हणतात.

आता पारितोषिकाबद्दल. मार्क अब्राहम्स या संपादकानं १९९१ साली अमेरिकेत हा उद्योग सुरू केला. अट एकच : संशोधन ऐकून माणूस आधी हसला पाहिजे आणि मग विचारात पडला पाहिजे. नुसतं हसवणारे पुष्कळ आहेत आणि नुसते विचारात पाडणारे त्याहून जास्त. दोन्ही एका दमात करणारे वर्षाला दहा मिळाले तरी खूप झालं, म्हणून पारितोषिकं दहा.

पायाच्या वासाला हा मान काही पहिल्यांदा मिळालेला नाही. २००६ साली बार्ट नोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दाखवलं होतं, की मलेरिया पसरवणाऱ्या डासाच्या मादीला माणसाच्या पावलांचा वास आणि लिम्बर्गर नावाच्या चीजचा वास सारखेच प्रिय आहेत. युरोपात लोक ते चीज आवडीनं खातात, तो त्यांचा प्रश्न. पण या शोधामुळे आफ्रिकेत डासांच्या सापळ्यात आमिष म्हणून त्या चीजचा उपयोग झाला. हसू आलं ते मोज्यांवरून, आणि विचार करायचा तो मलेरियाचा.

वासाचा विषय निघालाच आहे, तर नाकाकडे वळणं भाग आहे. बंगळूरच्या निमहान्समधले मनोविकारतज्ज्ञ चित्तरंजन आंद्रादे आणि बी. एस. श्रीहरी यांना २००१ साली इग नोबेल मिळालं, ते किशोरवयीन मुलं नाक कोरतात यावरच्या अभ्यासाबद्दल. बंगळूरच्या चार शाळांमधली २०० मुलं त्यांनी घेतली. जवळजवळ सगळ्यांनी कबुली दिली. दिवसाचं मध्यक प्रमाण चार वेळा निघालं. साडेसात टक्क्यांच्या आसपास मुलं दिवसात वीसहून अधिक वेळा हे कार्य करत होती. अशा मुलांना अभ्यासाला वेळ कधी मिळत असेल, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. काही लोक दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतात, मी दुसऱ्यांच्या नाकात काम काढलं, अशा आशयाचं काहीतरी आंद्रादे पारितोषिक घेताना म्हणाले होते. डॉक्टरांनी हा अभ्यास कशासाठी केला? सगळे करतात ती गोष्ट कुठवर खोड असते आणि आजार कुठे सुरू होतो, हे ठरवायला आधी ‘सगळे’ म्हणजे किती हे ठाऊक असावं लागतं. त्या मुलांपैकी सतरा टक्क्यांच्या आसपास मुलांना स्वतःलाच वाटत होतं, की आपलं हे प्रकरण हाताबाहेर गेलंय. ‘बोटाबाहेर’ म्हणणं जास्त शास्त्रीय ठरेल.

माणसाहून लांब नाक असलेल्या प्राण्याकडेही आपल्या लोकांचं लक्ष गेलेलं आहे. केरळ कृषी विद्यापीठाचे के. पी. श्रीकुमार आणि जी. निर्मलन यांना २००२ साली गणिताचं इग नोबेल मिळालं. विषय होता, भारतीय हत्तीच्या शरीराचं एकूण पृष्ठफळ. गोष्टीतल्या आंधळ्यांपैकी एकानं सोंड चाचपली, एकानं पाय, एकानं कान, आणि नंतर ते भांडत बसले. या दोघांनी अख्खा हत्ती हिशेबात घेतला आणि सूत्र दिलं : हत्तीची खांद्यापर्यंतची उंची आणि पुढच्या पावलाचा घेर एवढी दोनच मापं घ्या, बाकीचं गणित करेल. हत्तीला सगळीकडून टेप लावत बसायला नको. टेप लावणाऱ्याच्या आयुर्मानाचा विचार करता ही मोठीच सोय आहे. औषधाची मात्रा किती, शरीरातून उष्णता किती बाहेर पडते, असले हिशेब पृष्ठफळावर बसवता येतात, म्हणून हा खटाटोप.

त्यांचं सूत्र वापरून पाहण्याचा मोह कुणालाही होईल. अडीच मीटर उंचीचा हत्ती घेतला आणि पावलाचा घेर सव्वा मीटर धरला, तर उत्तर येतं साडेसतरा चौरस मीटरांच्या थोडं पुढे. म्हणजे सुमारे १९० चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. ज्या जागेत तीन-तीन पिढ्या वाढल्या, तिच्यापेक्षा मध्यम आकाराच्या एका हत्तीचा कार्पेट एरिया मोठा आहे. सुरकुत्या धरल्या तर बिल्टअप आणखी वाढेल. ही माहिती बिल्डर लोकांच्या हाती लागू नये.

शांततेचं इग नोबेल भारत आणि पाकिस्तानला मिळून दोनदा मिळालेलं आहे. दोन्ही देशांनी मिळून केलेल्या कामगिऱ्यांची यादी फार मोठी नसल्यामुळे ही नोंद महत्त्वाची आहे. पहिल्यांदा १९९८ साली : अटलबिहारी वाजपेयी आणि नवाझ शरीफ यांना, अणुस्फोट अत्यंत आक्रमकपणे शांततापूर्ण पद्धतीनं केल्याबद्दल. दुसऱ्यांदा २०२० साली, दोन्ही सरकारांना. एकमेकांच्या देशातल्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या दारावरची बेल मध्यरात्री वाजवायची आणि दार उघडायच्या आत पळून जायचं, या कामगिरीबद्दल. हा प्रकार २०१८चा. दोन्हीकडून रीतसर तक्रारी झाल्या होत्या. मुलं अशी बेल वाजवून पळतात तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना कान धरून वर आणतात. दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रांचा कान धरणारा सेक्रेटरी नेमका कुठे सापडायचा, हे संयुक्त राष्ट्रसंघालाही अजून उमगलेलं नाही.

इथपर्यंत हसणं सोपं होतं. २००३ सालचं शांततेचं इग नोबेल मात्र घशात अडकतं. ते मिळालं उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्याच्या लाल बिहारी यांना. कर्जासाठी कागद गोळा करायला ते सरकारी कचेरीत गेले, तेव्हा त्यांना कळलं की आपण वारलो आहोत. नातेवाइकांनी जमिनीसाठी लेखपालाला, म्हणजे तिकडच्या तलाठ्याला, हाताशी धरलं होतं आणि दप्तरात त्यांना मृत दाखवलं होतं. मी तुमच्यासमोर उभा आहे, असं ते म्हणाले. पण उभं असणं हा पुरावा होत नाही. पुराव्याला कागद लागतो.

मग त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. बायकोसाठी विधवेची मदत मागितली. स्वतःच्या नावापुढे ‘मृतक’ लावलं. गुन्हा दाखल झाला तर पोलिसांच्या कागदावर तरी जिवंत असल्याची नोंद होईल, म्हणून चुलतभावाला पळवून नेलं. निवडणूक लढवायला जिवंत माणूस लागतो, म्हणून अलाहाबादेत विश्वनाथ प्रताप सिंह यांच्याविरुद्ध आणि अमेठीत राजीव गांधी यांच्याविरुद्ध उभे राहिले. ‘मृतक संघ’ काढला. संघटना काढल्यावर कळलं की असे कागदोपत्री मेलेले लोक एकटेदुकटे नाहीत, त्यांची चांगली पंगत बसेल. १९९४ साली सरकारनं लाल बिहारींना पुन्हा जिवंत केलं. तोवर मरण भोगून जवळजवळ अठरा वर्षं झाली होती. त्यांच्यावर पुढे सतीश कौशिक यांनी ‘कागज’ हा चित्रपट काढला, त्यात पंकज त्रिपाठी यांनी ही भूमिका केली. आपल्याकडे सातबाऱ्यावरचं एक नाव दुरुस्त करायला ज्यांनी तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना हा चित्रपट माहितीपट वाटला असेल.

या कथेची उलटी बाजू इग नोबेलनं २०२४ साली समोर आणली. सॉल न्यूमन या संशोधकानं शंभरी ओलांडलेल्या लोकांच्या नोंदी तपासल्या. जिथली माणसं दीर्घायुषी म्हणून जगात गाजतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी जन्ममृत्यूच्या नोंदींचा आनंदीआनंद असतो, असं त्यांना आढळलं. जपाननं २०१० साली शोध घेतला, तेव्हा दप्तरात जिवंत असलेल्या शतायुषींपैकी २ लाख ३० हजारांहून अधिक माणसांचा पत्ताच लागेना. आझमगढात जिवंत माणूस कागदावर मेला होता, इथे मेलेली माणसं कागदावर ठणठणीत होती. आणि आपण त्यांच्या दीर्घायुष्याचं रहस्य रताळ्यात आहे की समुद्री शेवाळात, यावर लेख वाचत होतो. दर नोव्हेंबरला बँकेच्या रांगेत ‘मी हयात आहे’ हे सिद्ध करायला उभ्या राहणाऱ्या आपल्या पेन्शनरांकडे या दृष्टीनं पाहावं. वैताग खरा, पण तेवढ्यापुरती आपल्या देशातली आयुर्मानाची नोंद खणखणीत आहे.

आता त्या ‘माहीतच आहे’कडे येऊ. २००९ साली ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या कॅथरीन डग्लस आणि पीटर रोलिन्सन यांना इग नोबेल मिळालं. नाव ठेवलेल्या गाई बिननावाच्या गाईंपेक्षा जास्त दूध देतात, हे त्यांनी दाखवलं म्हणून. ५१६ शेतकऱ्यांना विचारून त्यांनी फरकही काढला : वर्षाला २५८ लिटर. ही बातमी सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गोठ्यात नेऊन सांगा. कपिला, हरणी, तांबू आणि चंद्री यांच्यासमोर उभा असलेला मालक तुमच्याकडे कीव केल्यासारखं बघेल. त्यात काय विशेष? नावानं हाक मारली की गाय पान्हा सोडते, हे आज्याच्या आज्याला माहीत होतं. बरोबर आहे. गाईला नाव आपण पिढ्यान् पिढ्या ठेवत आलो. पण किती लिटर, हा प्रश्न विचारायचं आज्याच्या आज्यापासून नातवापर्यंत कुणालाच सुचलं नाही. आपल्याकडे उत्तरं एवढी मुबलक आहेत, की प्रश्नांना जागा उरत नाही.

आणि ‘माहीतच आहे’ची गंमत अशी, की ते बरोबर असलं तरी आकडा नसतो आणि चूक असलं तरी आवाज तेवढाच चढा असतो. लायक माणसाला वरच्या जागेवर बढती द्यावी, हे कुणाला माहीत नाही? इटलीतल्या कातानिया विद्यापीठाच्या तिघांनी गणित मांडून दाखवलं, की खालच्या कामात हुशार असलेला माणूस वरच्या कामात हुशार असेलच असं नसेल, तर वाट्टेल त्याला चिठ्ठी टाकून बढती दिल्यावर संस्थेचं काम सुधारू शकतं. २०१०चं व्यवस्थापनाचं इग नोबेल त्यांना मिळालं. आपल्याकडच्या काही कार्यालयांत हा प्रयोग फार वर्षांपासून चालू असल्याची शंका येते. फक्त निष्कर्ष अजून प्रसिद्ध झालेले नाहीत.

लोक हसतील या भीतीचं काय? ती मोठमोठ्यांनाही वाटते. ब्रिटन सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार रॉबर्ट मे यांनी नव्वदच्या दशकात इग नोबेलवाल्यांना सांगून पाहिलं होतं, की आमच्या शास्त्रज्ञांना हे देऊ नका, त्यांची थट्टा होते. शास्त्रज्ञांनीच ते मनावर घेतलं नाही. २००० साली आंद्रे गाइम यांना मायकेल बेरी यांच्याबरोबर इग नोबेल मिळालं, शक्तिशाली चुंबकाच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवल्याबद्दल. पुढच्या वर्षी त्यांनी एका शोधनिबंधावर सहलेखक म्हणून आपल्या पाळीव हॅम्स्टरचं नाव घातलं. असा माणूस आपल्याकडे विभागप्रमुख झाला नसता. गाइम यांनी पुढे चिकटपट्टीनं ग्राफाइटचे पापुद्रे काढत काढत ग्राफीन वेगळं केलं आणि २०१० साली त्यांना कॉन्स्टन्टिन नोवोसेलॉव्ह यांच्यासह भौतिकशास्त्राचं खरंखुरं नोबेल मिळालं. बेडूक उडवणारा आणि नोबेल मिळवणारा माणूस एकच होता. कुतूहल कामाचं कुठलं आणि रिकामपणाचं कुठलं, हे आधी ठरवता येत नाही, हे त्यानं दाखवून दिलं.

शेवटी समारंभ. त्याचं वर्णन ऐकून महाराष्ट्रातल्या कुठल्याही कार्यक्रमप्रेमी माणसाला गहिवरून येईल. हार्वर्डच्या सँडर्स थिएटरमध्ये तो वर्षानुवर्षं झाला. दरवर्षी त्याला ‘पहिला वार्षिक’ सोहळाच म्हणतात, २०२५चा म्हणजे पस्तिसावा पहिला. खरे नोबेलविजेते पारितोषिकं वाटतात. रक्कम किती? झिम्बाब्वेची दहा लाख कोटी डॉलरची एक नोट, जिच्यात आता काही येत नाही. प्रवासखर्च विजेत्याचा. प्रेक्षक स्टेजवर कागदी विमानं फेकतात. ती विमानं झाडायचं काम हार्वर्डचे प्राध्यापक रॉय ग्लॉबर अनेक वर्षं करत. २००५ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यानंतरही ते झाडू घेऊन हजर असत. आपल्याकडे सतरंज्या उचलणाऱ्याला पारितोषिक मिळत नाही आणि पारितोषिक मिळालेला पुन्हा सतरंजीकडे बघत नाही.

पण खरा शोध भाषणांचा आहे. स्वागतपर भाषण दोन शब्दांचं : ‘स्वागत, स्वागत.’ समारोप दोन शब्दांचा : ‘निरोप, निरोप.’ विजेत्याला बोलायला एक मिनिट. मिनिट ओलांडलं की आठ वर्षांची एक मुलगी त्याच्यासमोर येऊन उभी राहते आणि म्हणते, “पुरे करा ना, कंटाळा आला.” तो थांबेपर्यंत म्हणत राहते. तिला खाऊची लाच देऊन पाहणारेही निघाले आहेत. १९९९पासून ही प्रथा आहे आणि तिच्यापुढे भले भले नमले आहेत. आपल्या संमेलनांत, गौरव समारंभांत, सोसायटीच्या वार्षिक सभेत ही मुलगी आणता आली तर! पण आपल्याकडे तिचाही आधी सत्कार होईल. शाल आणि श्रीफळ देऊन तिला खुर्चीवर बसवतील, तिचा परिचय करून द्यायला कुणीतरी उठेल, आणि त्या परिचयातच तिचं बालपण संपेल.

शिवाय इथे असं पारितोषिक काढलं तर राग येऊन नाकारणारे फारसे निघणार नाहीत. अमेरिकेत निवड झालेल्यांना आधी गुपचूप विचारतात, नको असेल तर सांगा. आपल्याकडे उलट पत्रं येतील. आमच्या जिल्ह्यावर अन्याय झाला. आमच्या नाक कोरण्याची दखल घेतली गेली नाही. बंगळूरला मान मिळतो, मग कोल्हापूरनं काय घोडं मारलंय?

तरीही काढायचंच ठरलं, तर पहिला मानकरी माझ्यापुरता ठरलेला आहे. ‘दोनच शब्द बोलतो’ असं म्हणून माइक हातात घेणाऱ्या वक्त्यांचे प्रत्यक्षातले शब्द जो कुणी वर्षभर मागच्या रांगेत बसून वहीत मोजेल, तो. निष्कर्ष काय निघणार ते सगळ्यांना माहीतच आहे, आकडा मात्र कुणाकडेच नाही. आणि सत्काराला उत्तर द्यायला तो उभा राहिला, की त्याची वही काढून दुसऱ्या कुणीतरी मागच्या रांगेत जाऊन बसायला हवं.